वाटेचं वावर

उसाची रोपं आली तेव्हा आशा ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. टेम्पो मागं घेत अंगणात आला, बकऱ्या दावणीला ओढ घेऊन ओरडल्या, आणि तिचे थोरले दीर दादाभाऊ एकेक ट्रे उतरवून पडवीच्या सावलीत मांडू लागले. बोटभर पानांची कोवळी रोपं, शाळेत पोरं ओळीनं बसवावीत तशी. आशाची चिमुरडी संस्कृती लगेच त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि बालवाडीतल्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

सगळे हसले. आशाला हसू आलं नाही. तिला ती रोपं बोटभर दिसतच नव्हती. ती तिला पुरुषभर उंच दिसत होती, पानं एकमेकांत अडकलेली आणि आत दिवसाढवळ्याही अंधार.

मळ्यातल्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत गाडीवाट होती. वाटेच्या एका अंगाला शेजारच्या गेणभाऊंचं डाळिंब, ते ठेंगणं आणि मोकळं. दुसऱ्या अंगाला यांचं वावर. धर्माजीबाबांनी, म्हणजे आशाच्या सासऱ्यांच्या, तात्यांच्या, वडिलांनी, त्या वावरात पहिला ऊस लावला आणि तेव्हापासून तिथं ऊसच. बाकीच्या पट्ट्यांत कांदा झाला, टोमॅटो झाला, एक वर्ष फ्लॉवरनं तोंडाला पानं पुसली. पण वाटेच्या वावरात काय लावायचं, हे या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. यंदा तोडलेल्या उसाचा फुटवा, खोडवा, मोडला होता, नांगरट झाली होती, सऱ्या पाडून वावर तयार होतं. लागणीची माणसं उद्या सकाळी यायची होती.

आणि दादाभाऊंच्या लेकीच्या, समृद्धीच्या, अकरावीचे कॉलेजांचे पसंतीक्रम आज संध्याकाळपर्यंत भरायचे होते.

रविवार असल्यामुळं आशाचा नवरा भरतही चाकणहून आला होता. आठवडाभर कंपनी, एक दिवस घर. त्यामुळं घरातले मोठे निर्णय रविवारच्या जेवणावर येऊन थांबायचे, आणि समृद्धीच्या थोरल्या भावाच्या, आदेशच्या, इंजिनिअरिंगचा निर्णयही अशाच एका रविवारी, मटणाच्या रश्श्यासोबत, दोन घासांत झाला होता. आज मटण नव्हतं. पुरुष पडवीत रोपांच्या शेजारी पंगत धरून बसले. सुलनताई, म्हणजे समृद्धीची आई आणि आशाची थोरली जाऊ, वाढत होत्या. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. तिथून त्यांना घर आणि पडवी दोन्हीकडं लक्ष ठेवता यायचं.

"मग पोरीचं काय ठरलं?" तात्यांनी भाकरी कुस्करत विचारलं.

समृद्धी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला. "तात्या, मी सायन्स घेणार. आळ्याच्या कॉलेजात."

"आन मंग? डाक्टर?"

"नाय. जिऑलॉजी."

"ती काय असती?"

"दगडांचा अभ्यास. खडक, माती, जमिनीच्या पोटात काय हाय ते."

तात्यांचा घास हातातच राहिला. "दगडं? आरं दादाभाऊ, उभा जन्म आपण वावरातली दगडं येचून बांधावर टाकली. आन ही ती शिकायला आळ्याला निघाली!"

भरत खो खो हसला. दादाभाऊ गालात हसले. समृद्धीही हसली, पण जागची हलली नाही. आशा आतून बघत होती. ही पोर चिडली की नाकाचा शेंडा लाल व्हायचा. आज तो लाल नव्हता. तिनं तयारी केली होती.

"नदीकाठची ती पांढरी माती माहितीये ना, तात्या? ती माती न्हाईच. ज्वालामुखीची राख हाय. समुद्रापलीकडनं उडत आलेली. आपल्या बोरीत ती बघायला कुठनं कुठनं शास्त्रज्ञ येत्यात, आन आपण तिच्यावर म्हशी धुतो."

"त्या मातीनं आमी पितळंची भांडी घासायचो," सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "अशी लखलख निघायची! मला न्हाई कवा कुणी बघाया आलं."

"आई, तुम्हाला बघायला तात्या आले होते की," भरत म्हणाला.

"ते बी राखंसाठीच आलं असतील," सासूबाई म्हणाल्या, आणि तात्यांना ठसका लागला.

"पण पुढं काय?" पाणी पिऊन त्यांनी विचारलं. "नोकरी कोण देतंय दगडाची?"

"धरणं, बोगदे, खाणी, सगळीकडं लागतात माणसं. आन भूजल. पाणी कुठं लागंल ते खडक बघून सांगायचं."

आता तात्यांनी मान वर केली. गेल्या उन्हाळ्यात तळहातावर नारळ उभा करून पाणी सांगणाऱ्यानं दाखवलेल्या जागी बोअर मारलं होतं, आणि त्यातून नुसता फुफाटा वर आला होता. त्याचा राग त्यांच्या मनातून अजून गेला नव्हता.

"म्हंजे बोअर कुठं घ्यायचं ते तू सांगशील?"

"शिकले की सांगीन."

"नारळ न फिरवता?"

"नारळाची चटणी करू, तात्या."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग हरकत न्हाई! शिक बाई दगडं. त्या नारळवाल्याचं दुकान तरी बसंल."

समृद्धीनं झटकन आत, आशाकडं पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं: बघ काकी, झालं! दहावीच्या वर्षभर दोघी या ओट्याशी बसून भौतिक-रसायनाची प्रकरणं सोडवत होत्या, आशा कणीक मळत आणि पोर पाटावर वही ठेवून. आशा रसायनशास्त्रातली पदवीधर. लग्न होऊन या मळ्यात आली तेव्हा तिची पुस्तकं कुणी हाताळली असतील तर ती या पोरीनं. नदीकाठच्या राखेचं वेड तिला लावलं तेही आशानंच.

"समदं खरं," इतका वेळ गप्प बसलेले दादाभाऊ म्हणाले, "पण जायचं कसं?"

भरतनं ताट बाजूला सारलं.

आळ्याचं सायन्स सकाळचं. एसटी डांबरीवर यायची ती उजाडायच्या बेतात, आणि थंडीत तर अंधारातच. दादाभाऊंची त्या वेळी धार निघायची आणि दूध डेअरीला घालायचं. डेअरी एका अंगाला आणि डांबरी दुसऱ्या अंगाला. भरत चाकणला. आदेश पुण्यात होस्टेलला. पोर एकटीच निघायची, गाडीवाटेनं, उसाच्या कडेकडेनं.

"गेणभाऊचं वासरू वाघानं नेलं त्याला किती दिवस झालं?" भरत म्हणाला. "गोठ्यातनं नेलं, दादा. गोठ्यातनं. वनखात्यानं पिंजरा लावला, त्यात काय आलं? गेणभाऊचं कुत्रं."

"वाघ हाय म्हणून काय समद्यांनी घरात बसायचं?" समृद्धी म्हणाली. "आदेशदादा जायचा की."

"त्याच्या बुडाखाली गाडी व्हती, बाळा. तुला लायसनला अजून अवकाश हाय," दादाभाऊ म्हणाले.

"गावातच घ्यावी मंग अकरावी," तात्या म्हणाले. ते आता हसत नव्हते. "चार घरच्या पोरी घोळक्यानं जात्यात, उन्हं आल्यावर. आर्ट तर आर्ट. आशा, तू शिकल्याली हायेस. तुझं काय म्हणणं?"

सगळ्यांच्या माना ओट्याकडं वळल्या. समृद्धीची सगळ्यात आधी. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हतीच. काकी काय बोलणार ते तिला ठाऊक होतं.

आशाच्या डोळ्यांपुढं तो क्षण आला. दिवाळीनंतर ती, भरत आणि संस्कृती पेठेहून, तिच्या माहेराहून, परतत होती. दिवस मावळलेला. डांबरी सोडून गाडी वाटेला लागली, संस्कृती पुढं उभी, आणि दिव्याच्या उजेडात तो, गावच्या बोलीतला वाघ. भरतनं ब्रेक दाबला. बिबट्यानं त्यांच्याकडं पाहिलं, आणि काही घाई न करता, आपल्याच घरात शिरावं तसा उसात शिरला. आशाला नंतर बिबट्या तेवढा आठवायचा नाही. आठवायचा तो ऊस. तो आत गेला आणि ऊस पुन्हा होता तसाच झाला. एक पान हललं नाही. त्या दिवसापासून दिवस कलला की ती संस्कृतीला अंगणातही एकटी सोडत नव्हती.

"गावातच घेऊ दे," ती म्हणाली. "आर्ट्स करूनही पुष्कळ काही होता येतं."

आपलाच आवाज तिला परका वाटला. समृद्धीच्या नाकाचा शेंडा हळूहळू लाल झाला. तिनं तांब्या उचलला, तात्यांच्या फुलपात्रात पाणी ओतलं आणि मागच्या दारानं निघून गेली.

"झालं तर मंग," तात्या म्हणाले. "शिकल्याली बाईच म्हणती."

पण ते पुढं जेवले नाहीत.

*

जेवणं उरकल्यावर सुलनताईंनी सगळी भांडी एकट्यानंच मागं नेली आणि दगडावर अशी आपटायला सुरुवात केली की बकऱ्या बिचकल्या. आशा तिथं जाऊन उभी राहिली.

"द्या, मी विसळते."

"ऱ्हाऊ दे. तू शिकल्याली बाई हायेस."

"ताई..."

"ताई नगं म्हणू." सुलनताईंनी तवा खाली ठेवला. "मी वर्षभर गप बसले ती कुणाच्या जिवावर? मला काय कळतंय त्या सायन्समधलं? पोरगी रातंदिस काकी अशी म्हणती, काकी तशी म्हणती. मी म्हटलं, जाऊ दे, आपल्याला न्हाई जमत तर निदान घरात एकजण हाय जी तिच्या मागं उभी ऱ्हाईल. आन तूच माघारी फिरलीस? भर पंगतीत?"

सुलनताईंचाच विरोध होईल असं आशा धरून चालली होती. दहावीपर्यंतच शिकलेली ही बाई, समृद्धी जरा उशिरा आली तरी बांधावर जाऊन हाका मारणारी.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती की! माझ्या पोटची हाय. तुझ्यापेक्षा ढीगभर वाटती." सुलनताईंचे हात राखेनं भरले होते, त्यांनी मनगटानंच डोळे पुसले. "पण मला वाघाची वाटती, तशी पोर घरी बसायची बी वाटती. मी माझ्या बापाच्या घरी हुशार व्हते, आशा. शाळा ओढ्यापल्याड व्हती. ओढ्याला पाणी यायचं म्हणून बंद केली. ओढा काय बाराही महिने वाहत व्हता व्हय? चार दिवस यायचं पाणी. चार दिवसापायी जल्म गेला."

आशा खाली बसली आणि न विचारता एक ताट विसळायला घेतलं. सुलनताईंनी ते काढून घेतलं नाही.

"तुझी संस्कृती बी उद्या मोठी व्हईल," त्या पुढचं ताट तिच्याकडं सरकवत म्हणाल्या, आता आवाज उतरलेला. "तवा तिला काय सांगशील? वाघाला विचारून ये म्हणून?"

*

आशा घरात आली ती चहा टाकायच्या निमित्तानं. खरं तर तिला कुणाच्या नजरेसमोर उभं राहायचं नव्हतं. तिनं आधण ठेवलं आणि सवयीनं खिडकीतून बाहेर पाहिलं.

ओट्यावरच्या त्या खिडकीतून डांबरीवरची चिंच दिसत होती. चिंचेखाली थांबलेली दुधाची गाडी दिसत होती. आणि वाटेनं परत येणारी समृद्धी दिसत होती, कडेवर संस्कृतीला घेतलेली. दोघी दुकानातून काहीतरी आणायला गेल्या असणार. पिवळी ओढणी. संस्कृतीच्या हातात गुलाबी पेप्सीकोला. समृद्धी मध्येच थांबली, पोरीला खाली उतरवलं, ओढणी नीट केली आणि दोघी चालू लागल्या. संस्कृती एका दगडाशी वाकली, तो उचलून ताईला दाखवला. समृद्धीनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि काहीतरी समजावून सांगितलं. रागात असूनही सांगितलं.

आशा बघत राहिली. चहा उतू जायला आला तेव्हा तिनं गॅस बारीक केला आणि मग तिच्या लक्षात आलं की आज ती दाराशी धावली नाही. संस्कृती डोळ्याआड वाटेवर गेली की ती हाका मारत धावायची, ते आज झालंच नाही. कारण संस्कृती डोळ्याआड गेलीच नव्हती. घरापासून चिंचेपर्यंत सगळी वाट तळहातावर ठेवल्यासारखी समोर होती. वावर रिकामं होतं. नुसत्या सऱ्या, ओळीनं.

लग्न होऊन आल्यापासून या खिडकीतून तिनं ऊसच पाहिला होता. तोडणी झाली तरी महिन्याभरात खोडवा पुन्हा डोकं काढायचा. ही खिडकी म्हणजे हिरवी भिंत, असंच ती समजत आली होती. इतके दिवस सगळे तोलून मापून बघत होते: पोरीनं कुठं जावं, किती वाजता जावं, कुणासोबत जावं, काय शिकावं. पोरीचं कॉलेज हलवता येत होतं, तिची शाखा हलवता येत होती, तिचा उभा जन्म इकडचा तिकडं करता येत होता. फक्त ऊस हलत नव्हता. ऊस जणू सह्याद्रीनंच तिथं आणून ठेवला होता.

आणि पडवीत ट्रे मांडलेले होते. उद्या लागण. लागण आणि मागून खोडवा, म्हणजे पोरीची अकरावी आणि बारावी दोन्ही.

तिनं गॅस बंद केला आणि चहा न गाळताच बाहेर आली.

"तात्या," ती म्हणाली, "मी मघाशी चुकीचं बोलले."

तात्या बाजेवर आडवे झाले होते. ते उठून बसले. भरतनं मोबाईल खाली ठेवला. सून अशी पडवीच्या मध्यात येऊन सासऱ्यांना सांगते, हे या घरात रोजचं नव्हतं.

"मला वाघाची भीती वाटते. आजही वाटते. पण मला जास्त भीती वाटते ती न दिसण्याची. वाटेच्या वावरात यंदा ऊस नको लावायला."

दावणीला एक बकरी शिंकली.

"ऊस नगं?" तात्यांनी दादाभाऊंकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "आगं, रोपं घरी आल्याली हायेत."

"ती खालच्या पट्टीत लावू. आणि तिथं पेरायचा भुईमूग इकडं. नुसती अदलाबदल. भुईमूग गुडघ्याला लागत नाही, तात्या. घरातून थेट चिंचेपर्यंत दिसेल."

"आशा, काहीही काय बोलतेस?" भरत म्हणाला. "खालच्या पट्टीत ऊस लावला तर तोडणीला ट्रक कुठं लावायचा? ऊस वाटेला का असतो? उगाच असतो का? कारखान्याची गाडी थेट बांधाला लागते म्हणून. खालनं काढायचा म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहायच्या."

हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण मघाच्या भरात सुचलं नव्हतं. भरतचं खरं होतं, आणि त्याच्या बोलण्यात कुत्सितपणाही नव्हता. ती तशीच उभी राहिली. एवढ्यात माघार घेतली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती.

"असंल," ती म्हणाली. "पण ट्रक वर्षातनं एकदा येतो. ती रोज जाणार."

भरतनं मान वळवून वाटेकडं पाहिलं.

मागच्या दारात सुलनताई येऊन उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत. समृद्धी आणि संस्कृती अंगणात पोचल्या होत्या. समृद्धीला काय चाललंय ते अर्धवट कळलं, आणि ती रोपांच्या ट्रेपाशीच थबकली.

"बाबांनी लावल्याला ऊस हाय त्यो," तात्या शेवटी म्हणाले, कुणाकडंच न बघता. "लोक काय म्हणतील? धर्माजीचा पोरगा भगवंत, आन त्याच्या वाटेच्या वावरात शेंगा?"

"लोक शेंगा खातील," सासूबाई म्हणाल्या. "आन तुमच्या बाबांनी ऊस लावला तवा हितं वाघ व्हता व्हय? त्यो ऊस आला आन त्याच्या मागनं ह्यो आला. मीच बघितलंय की समदं."

"तू गप."

"मी गपच हाय. सून बोलती."

मग दादाभाऊ उठले. ते कधी वाद घालत नसत. त्यांना काही पटलं नाही की ते उठून गोठ्यात जात. आशाला वाटलं, आताही तसेच जाणार. पण ते ट्रेपाशी गेले, लेकीच्या शेजारी उकिडवे बसले आणि एक रोप बोटानं हलवून बघितलं.

"खालच्या पट्टीतनं मी काढीन ऊस," ते म्हणाले. "ट्रॅक्टरला जुगाड लावून वाटंपतुर आणायचा, तिथनं ट्रकात. चार खेपा जास्त व्हतील. व्हऊ दे."

"दादा, कंबर मोडंल," भरत म्हणाला.

"मंग तू ये की सुट्टी टाकून. उसाच्या पैक्यावरच शिकलास ना?" आणि दादाभाऊ हसले. भरतही हसला, जरा शरमून. "येतो," तो म्हणाला. "पण पाण्याचं बघावं लागंल. खालच्या पट्टीला पाइप वाढवावा लागंल." त्याचा विरोध संपला होता, आता तो कामाची आखणी करत होता. आशाला त्या क्षणी आपला नवरा फार आवडला.

राहिले तात्या. ते बाजेवरून उतरले, चपला पायात सरकवल्या, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. या घरात ताट त्यांच्यापुढं जायचं. ते ताटापाशी कधी जात नसत. ते ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. खिडकी बुटकी होती, बायकांच्या उंचीची. त्यांना वाकावं लागलं.

"समृद्धे!" त्यांनी आतून हाक मारली. "जा बरं चिंचंपतुर. एसटीला चालल्यासारखी जा."

समृद्धीनं आशाकडं पाहिलं. आशानं मान हलवली. पोर निघाली. संस्कृती मागं धावायला लागली तशी सुलनताईंनी तिला धरून ठेवलं. आशा, सुलनताई, सासूबाई, सगळ्या तात्यांच्या मागं गोळा झाल्या, पण खिडकी त्यांनी अडवली होती. कुणाला काही दिसत नव्हतं. त्यांची पाठ तेवढी दिसत होती, वाकलेली, सदऱ्यावर घामाचा नकाशा.

बराच वेळ गेला.

"वढणी कंच्या रंगाची हाय?"

"पिवळी," आशा म्हणाली.

"आता चिंचंखाली हाय. हात करती," तात्या म्हणाले. ते आणखी थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग कंबर धरून सरळ झाले. "एवढं दिसतंय हितनं? एवढी वर्षं बाया हितं उभ्या ऱ्हात्यात, कुणी बोललं न्हाई ते."

"कुणी विचारलं न्हाई," सुलनताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या सासऱ्यांशी डोक्यावरचा पदर सावरायचं विसरून बोलल्या.

तात्यांनी बाहेर जाऊन ट्रेकडं एकवार पाहिलं. "भरत, लागणवाल्यांना फोन लाव. म्हणावं, उद्या खालच्या पट्टीत या. सऱ्या पाडायच्या हायेत, उशिरा आलं तरी चालंल." आणि मग, जणू एवढ्यात आठवलं म्हणून, "आन त्या पोरीला बलवा माघारी. फारम भरायचा हाय ना तिला?"

समृद्धीनं फॉर्म आशाच्या मोबाईलवर भरला. पहिल्या क्रमांकावर आळे. नंतर दुसऱ्या-तिसऱ्यावर काय टाकायचं यावर घरभर सल्ले आले. सासूबाईंनी तर भैरवनाथालाही एक क्रमांक देऊन ठेवा म्हणून सांगितलं. शेवटचं बटण दाबण्याआधी समृद्धी थांबली.

"काकी, खरंच भीती न्हाई वाटत आता?"

"वाटते," आशा म्हणाली. "दाब."

*

कॉलेजच्या पहिल्या दिवशी आभाळ गच्च होतं आणि उजाडायचं मनात दिसत नव्हतं. आवाजानं वाघ लांब राहावा म्हणून सासूबाईंनी जुन्या बैलाच्या गळ्यातला घुंगूर धुऊनपुसून समृद्धीच्या दप्तराला बांधला होता. समृद्धीनं हातापाया पडून पाहिलं. उपयोग झाला नाही. एसटीत बसताना त्यात रुमाल कोंबायचा, एवढी सवलत मिळाली.

वाटेच्या वावरात भुईमूग वर आला होता, घोट्याएवढा, पिवळी फुलं धरायच्या बेतातला. बांधावर तात्या हातात काठी घेऊन उभे होते. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, डुकरं येत्यात शेंगांना, ती बघतोय. दादाभाऊंची धार चालली होती. आज ते गाईच्या उलट्या बाजूला, वाटेकडं तोंड करून बसले होते, आणि गाईला ते अजिबात आवडलेलं नव्हतं.

आशा आणि सुलनताई ओट्यापाशी उभ्या होत्या. खिडकीत दोघींना पुरेल एवढी जागा नव्हती, म्हणून खांद्याला खांदा घासत. पिवळी ओढणी निघाली. घुंगूर वाजत गेला, मोठा, मग बारीक. डाळिंबाच्या कडेनं, सपाट हिरव्याच्या कडेनं. वाऱ्यानं पानं हलली की प्रत्येक पान वेगळं हललेलं कळत होतं.

"मला! मला दिसत नाही!" संस्कृती झोपेतून उठून आली होती, केस पिंजारलेले.

आशानं तिला उचलून ओट्यावर उभं केलं. भाकरीच्या पिठात तिची पावलं उमटली.

"दिसली ताई?"

"दिसली." संस्कृतीनं कपाळ खिडकीच्या गजांना लावलं. "ताई हात करतीये. मम्मी, मी जाईन तेव्हा तू इथंच उभी राहशील?"

लांब चिंचेखाली एसटीचे दिवे थांबले, दार वाजलं, आणि गाडी आळ्याच्या दिशेनं निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत दिसत होती.

"इथंच," आशा म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.